बोलणाऱ्या हातांवरचा दिवा

मित्रांनो, गाडीत बसल्यावर तुम्ही समोर पाहता, खिडकीबाहेर पाहता. वर सहसा कुणी पाहत नाही. तिथे, छताच्या मधोमध, मी असतो. एका जुन्या टॅक्सीतला मी दिवा. मोठी कामगिरी माझ्या नावावर नाही, म्हणून बोलायला थोडा संकोचच वाटतो. पण एका संध्याकाळी माझ्यापायी दोघांच्या जिवावर बेतले होते. ते तुम्हाला सांगायलाच हवे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पोटात दोन पितळी चिमटे, त्यांच्यात पेन्सिलीच्या तुकड्याएवढा बल्ब, वर दुधी झाकण आणि कडेला एक बटण, एवढाच माझा संसार होता. दार उघडले की पेटायचे, लागले की विझायचे. माझ्या पिवळ्या उजेडात उतारूंनी सीटखाली गेलेल्या किल्ल्या शोधल्या, लेकरांचे बूट शोधले. आभार कुणी मानले नाहीत. मलाही त्याचे काही वाटले नाही.

पुढे ही टॅक्सी सध्याच्या चालकाने घेतली आणि मला खरे काम मिळाले. त्याच्या बायकोला जन्मापासून ऐकू येत नाही. ती कपडे शिवते आणि हातांनी बोलते. शिवलेले कपडे पोचवायला दोघे संध्याकाळी निघत. ती मुद्दाम मागे बसे. शेजारी बसली असती तर तिचे बोलणे पाहायला त्याला मान वळवावी लागली असती. मागे बसून माझे बटण दाबले की तिचे हात माझ्या उजेडात, समोरच्या आरशात दिसत. लोकांना वाटे, ही कुणी सवारी आहे.

"काय हो ड्रायव्हर, माझं ठिकाण आलं का?" ती हातांनी विचारी.

"तुमचं ठिकाण हेच. उतरायचं नाही," तो एका हाताने सांगे.

त्यांचे दोन नियम होते. वळणावर त्याने आरशात पाहायचे नाही, आणि गाडी चालू असताना तिने त्याला हात लावायचा नाही. एकदा तिने मागून त्याची बाही ओढली होती. तो दचकला आणि गाडी कठड्याला घासली. तेव्हापासून हे ठरले होते.

माझा उजेड मात्र थकत चालला. "तुझी बोटं दिसत नाहीत, नुसत्या सावल्या हलतात," असे म्हणत त्याने बाजारातून एलईडीची पट्टी आणली आणि स्वतःच बसवली. आधी ती पेटलीच नाही. उलटी लागली होती. फिरवून लावली तेव्हा असा लख्ख पांढरा उजेड पडला की बायकोने लगेच सुनावले, "अगबाई! तुझे एवढे केस पिकलेत?"

चार दिवस आनंदात गेले. मग दुखणे सुरू झाले. बटण बंद केले तरी मी मिणमिणत राहायचो. दार नीट लागत नसेल असे वाटून त्याने चारही दारे आपटून आपटून पाहिली. गाडी हलली की मी लुकलुकायचो, म्हणून त्याने माझे चिमटे वाकवून पट्टी आत दाबून बसवली. ती बल्बापेक्षा किंचित लांब होती आणि तिची पाठ धातूची. मोठा खड्डा आला की ती पाठ छताच्या पत्र्याला टेकायची आणि फ्यूज उडायचा. पुन्हा उडाला तेव्हा तो वैतागला. त्याने जास्त ताकदीचा फ्यूज आणून ठोकला.

"आता बघतो कसा उडतो ते!" तो म्हणाला.

मला ओरडून नको म्हणावेसे वाटले. पण दिव्याला वाचा कुठली?

त्या संध्याकाळी आम्ही डोंगरातल्या अरुंद रस्त्याने परतत होतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे एक ट्रक चिकटलेला. अंधारून आले होते. चाक खड्ड्यात आदळले, पट्टी पत्र्याला टेकली आणि मी विझलो. फ्यूज मात्र उडाला नाही. माझ्या पाठीमागची वायर तापू लागली. तिचे आवरण मऊ झाले, छताच्या कापडाला धग लागली. चालकाला सर्दी झालेली. त्याला वासच येईना.

वास तिला आला. तिने झटकन हात वर केले. पण आरशात काळोख होता. तिचे हात जिवाच्या आकांताने बोलत होते आणि तो वळणामागून वळण घेत पुढे पाहत होता. तिने त्याच्या खांद्याकडे हात नेला, आणि खाली दरी दिसताच मागे घेतला. ओरडली असती तरी तो दचकलाच असता. माझे झाकण एका बाजूने वितळून खाली झुकले.

मग तिने मोबाइलची बॅटरी लावली. उघडा झोत आरशात गेला असता तर त्याचे डोळे दिपले असते, म्हणून तिने मोबाइल गुडघ्यांत धरला, वरून ओढणी टाकली आणि त्या झिरपत्या उजेडात हात धरून ठेवले. आता फक्त सरळ रस्ता यायला हवा होता. एक वळण गेले. दुसरे गेले. धूर तिच्या डोळ्यांत जात होता, पण हात त्या उजेडातून हलले नाहीत.

रस्ता सरळ झाला. त्याने सवयीने आरशात पाहिले.

"थांब. छत जळतंय," तिचे हात म्हणाले.

कडेला जागा दिसताच त्याने गाडी घेतली, फ्यूज उपसून काढला आणि तिला बाहेर ओढले. ती खोकत विचारत होती, "तुला भाजलं का?" त्याने मान हलवून नाही म्हटले. मग तिला कुठे भाजले तर नाही ना, म्हणून तिचे हात उलटसुलट करून पाहिले. तिने त्याचे हात आपल्या हातांत घेतले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधल्या वायरमनने मला खाली उतरवले आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, फ्यूज उडत होता म्हणजे तो तुम्हाला हाका मारत होता. तुम्ही त्याचं तोंडच बांधलंत की!"

"चूक झाली. आता हा दिवाच नको. काढून टाका," चालक मान खाली घालून म्हणाला.

बायकोने त्याच्यासमोर हात हलवले. "काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही."

"काही नाही सांगायला एवढं तोंड हललं?"

त्याने खरे काय ते सांगितले. तिचे हात सपासप चालले. "फ्यूज तू बदललास, आणि गप्प मी बसायचं?"

"काय म्हणतात वहिनी?" वायरमनने विचारले.

चालकाने ते जसेच्या तसे सांगितले. वायरमन हसला नाही. त्याने जळकी वायर बदलली, चिमटे सरळ केले, मापाची पट्टी बसवली आणि तिच्या पाठीमागे न जळणारा तुकडा लावला. मिणमिणणे थांबावे म्हणून एक छोटा रेझिस्टर जोडला. "थोडासा करंट चोरून येत होता, दारं बिचारी उगाच मार खात होती," तो म्हणाला. शेवटी ठरल्या ताकदीचा फ्यूज लावून त्याने माझे वाकडे झाकण तसेच परत चढवले.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली, गाडीतली एखादी वस्तू पुन्हापुन्हा बिघडली तर तिच्यावर चिडू नका, तिला जबरदस्तीने गप्प करू नका. ती का अडते आहे ते जाणत्या माणसाला विचारा.

त्याच संध्याकाळी दोघे कपडे पोचवायला निघाले. वळणे संपेपर्यंत त्याने एकदाही रस्त्यावरून नजर काढली नाही. पहिल्याच सरळ रस्त्यावर त्याने आरशात पाहिले, आणि पाहतच राहिला. तिचे हात माझ्या उजेडात वर आले.

"माझ्याकडे काय बघतोस? समोर बघ!"