शलाकाची सीडी आणि दिवाणखान्याची लांबी

शलाकाची सीडी लावली की आमचा लंडनमधल्या हॅरोचा दिवाणखाना दर गाण्याला तीन फुटांनी लांबतो. मी तीस वर्षं सर्व्हेअर होतो, त्यामुळे हे अंदाजपंचे सांगत नाही, टेप धरून सांगतो. लांबी वाढते तशी रुंदी घटते. क्षेत्रफळ दोनशे सोळा चौरस फूट, ते काही हलत नाही.

"अहो, सोफा तिरका का दिसतोय?" सुमेधानं, माझ्या बायकोनं, दारातून विचारलं.

"सोफा सरळ आहे. भिंती जवळ आल्यात."

"बरं. शलाकाताई चारला येणार ना? थालिपीठं तेव्हाच लावते."

शलाका माझी धाकटी बहीण. २००१ साली ती आमच्या माडीवरच्या लहान खोलीत राहायची, आणि ही सीडी तिनं एका मित्राच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. लंडनचं गराज, म्हणजे तिथलं क्लबात नाचायचं संगीत, त्यावर इंग्रजीत रॅप. गाणं कमी आणि फटाफट बोलणं जास्त, असं माझं तेव्हाचं मत. आता एक कंपनी ती सीडी पुन्हा काढते आहे. "दादा, आतल्या पानावर तुझ्या दोन ओळी हव्यात," ती फोनवर म्हणाली. "या वेळी ऐकून लिही." 'या वेळी' हे ती सहज म्हणाली की कसं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पहिलं गाणं संपलं आणि तीन माणसं आत येऊन बसली. आमच्या मराठी मंडळाच्या घडीच्या खुर्च्या त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. सगळ्यांत पुढे, माझ्या समोर, सबनीस काकू. दुसऱ्या गाण्याला डॉक्टर पेठे आले. ते वारले त्याला चौदा वर्षं झाली. शलाकानं हीच गाणी २००१ च्या गणपतीत मंडळाच्या स्पर्धेत म्हटली होती, हे सगळे तेव्हाचे श्रोते, वयं तेव्हाचीच. त्या हिशेबानं काकू आता माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना काकूच म्हणालो. प्रत्येकानं दोन्ही हात छातीसमोर धरले होते, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

"हात असे का?"

"टाळी राहिली आहे," काकू म्हणाल्या. "तू मान डोलावली नाहीस."

आमच्या मंडळाचा तसा रिवाज होता. परीक्षकानं मान डोलावल्याशिवाय कुणी टाळी वाजवायची नाही. परीक्षक मी होतो. मी लगेच मान डोलावली.

"ऐकून डोलव," काकू म्हणाल्या.

मग ऐकलं. पण कसं? खोड काढायलाच. वहीत लिहीत गेलो: दणदणाट फार. उच्चार नाकातले. तिसऱ्या गाण्यात एका ठोक्याला चक्क खड्डा. चौथ्यात पुन्हा तोच खड्डा. बघा, पोरगी तालाला कच्चीच, असं मी मनात म्हणालो आणि मला बरं वाटलं. मंडळाच्या स्मरणिकेत मी नेमके हेच शब्द लिहिले होते.

सहाव्या गाण्याला खोली छत्तीस फूट बाय सहा झाली आणि मंडळी एकामागे एक बसली. खड्डा परत आला. या वेळी तो माझ्या उजव्या हातानं ओळखला. शलाका सात वर्षांची असताना मी तिला पाढे शिकवायचो. तेराच्या पाढ्यात ती सातावर अडायची. तेरा सक अठ्ठ्याहत्तर म्हणायची आणि थांबायची, मग मी फूटपट्टी मारायचो, बोटांवर. क्षणभर सगळं गप्प. मग तिचं एक्क्याण्णव यायचं. तो क्षण तिनं प्रत्येक ओळीच्या सातव्या ठोक्यावर रिकामा ठेवला होता, एकदाही न चुकता, आणि तिथून गाणं अशी उडी घ्यायचं की माझा पाय आपोआप हलायचा. कच्ची कसली? घड्याळ चुकेल, ती चुकणार नाही.

मला लाज वाटली. पण खरी लाज याच्या पुढची आहे. त्या दिवशी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो तेव्हा माझ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. घरूनच घालून गेलो होतो, बहिणीचं वेडंवाकडं चारचौघांत ऐकावं लागू नये म्हणून. वरून मफलर. ऑगस्टमध्ये मफलर कशाला, हे कुणी विचारलंही नाही. आणि घरी येऊन उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं लिहून मोकळा झालो. स्मरणिका निघाली त्या आठवड्यात शलाकानं खोली सोडली. पुन्हा ती कधी माइकपुढे उभी राहिली नाही. कापसाचं मी आजवर सुमेधालाही सांगितलेलं नाही.

तेरावं गाणं संपलं तेव्हा चार वाजले. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी पावणेचार. एकोणचाळीस माणसं, एकाचे गुडघे दुसऱ्याच्या पाठीत. पलीकडच्या टोकाला दार उघडलं आणि शलाका बूट काढताना दिसली. तिचे ओठ हलले, आवाज मात्र खुर्च्यांत मुरला. शेवटच्या माणसानं तो पुढच्याला सांगितला, त्यानं त्याच्या पुढच्याला.

"लिहिलंस का, असं विचारते ती," काकू मला म्हणाल्या.

"मला तिच्यापर्यंत जाऊ द्या."

"जाणार कुठून? मला सांग, मी मागे सांगते."

"काकू, घरातली गोष्ट आहे."

"दुसरी वाट नाही रे."

माझे दोन्ही खांदे भिंतींना लागले होते. मी वाकून त्यांच्या कानात म्हणालो, "सांगा तिला, त्या दिवशी माझ्या कानात कापूस होता. मी एक अक्षरही ऐकलं नव्हतं. आज ऐकलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळल्या. एकेक जण ऐकत गेला. ऐकायचा, एकदा माझ्याकडे बघायचा, मग मागच्याला सांगायचा. असं एकोणचाळीस वेळा झालं. प्रत्येक वेळी मी नजर खाली घातली.

शेवटी शलाका वाकली. मग तिनं त्या शेवटच्या माणसाच्या कानाला तोंड लावलं.

उत्तर छोटं असावं, कुणालाच सांगायला वेळ लागत नव्हता. ज्यानं ऐकलं, त्यानं ते पुढे सांगितलं आणि छातीसमोर धरलेले हात खाली घेतले. मग त्याच्या पुढच्यानं घेतले. मग त्याच्या पुढच्यानं. डॉक्टर पेठ्यांनी घेतले. काकूंनी मान मागे करून ऐकलं, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे वळल्या.

"टाळी नको, म्हणते ती."