ज्यानं खोललं, त्यानं बसवायचं

"बॅटरी आजपण नाय रे," धाकूनं आल्या आल्या सांगून टाकलं. "नौपाड्यात चार्जिंगला टाकलीय. तो बोलला, मंगळवारी ये."

दौलतनं मान डोलावली. गेल्या रविवारी हाच वायदा बुधवारचा होता. त्याच्या आधीच्या रविवारी पेट्रोल नव्हतं. त्याच्या आधी अमावास्या होती, आणि अमावास्येला लोखंडाला हात लावायचा नसतो असं दामाजीनं सांगितलं होतं. पंधरा वर्षांत तिघांनी कितीतरी अमावास्यांना इंजिनं उतरवली होती. तेव्हा हे शास्त्र दामाजीच्या कानावर आलेलं नव्हतं.

दामाजीचं घर माजिवड्याच्या जुन्या गावात. घरामागच्या कौलारू पडवीत एकेकाळी भाताच्या कणग्या असत. शेतं गेली, कणग्या गेल्या, आणि १९७९ साली तिथे पहिली मोडकी मोटार आली. आता चौथी होती. पंचावन्न सालची फियाट, पाठीमागून गोल गरगरीत, म्हणून सगळी मुंबई जिला डुक्कर फियाट म्हणायची ती. कल्याणच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागून तिघांनी ती दोर बांधून ओढत आणली होती. दामाजी टेम्पो चालवायचा, चेंदणी कोळीवाड्यातला धाकू म्युनिसिपालिटीच्या पाण्याच्या पंपावर होता, आणि वर्तकनगरचा दौलत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर.

स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे दौलतची एकतीस वर्षं गेली होती. कोणी खिडकीशी यायचं, वस्तूचा नंबर सांगायचं, तो वस्तू काढून द्यायचा. तिथे त्याचं मत कोणी विचारत नसे. घरी तो विचारण्याआधीच 'हो' म्हणून मोकळा व्हायचा. पण रविवारी सकाळी नऊला पडवीत शिरला की त्याचा आवाज बदलायचा. "हे आधी नको. ते काढ. थांब," असं तो म्हणायचा, आणि टेम्पोवाला व पंपवाला दोघंही थांबायचे. त्याच्या बोटांना जे कळायचं ते या दोघांच्या पान्यांना कळत नसे, आणि हे दोघंही मान्य करत.

नियमही दौलतनंच केलेला. ज्यानं खोललं, त्यानंच बसवायचं. त्यांच्या पहिल्या गाडीचं स्टिअरिंग धाकूनं खोललं होतं आणि तो ड्युटीवर गेल्यावर दामाजीनं अंदाजानं बसवलं. त्यानंतर गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. कल्याणच्या शिवाजी चौकात एका प्रेतयात्रेला वाट द्यायला डावीकडे वळताना तो असा काही वाजला, की तिरडीचे खांदेकरीसुद्धा तिरडीसकट वळून बघायला लागले. त्या दिवसापासून नियम. हातानं सुटा केलेला भाग कुठे कसा होता ते त्याच हाताला आठवतं, असं दौलतचं म्हणणं. तो नियम कधीच कोणी मोडला नव्हता.

आणि या फियाटचा कार्बोरेटर दिवाळीनंतरच्या रविवारी दौलतनं खोलला होता. आता फेब्रुवारी चालू होता. बाकी गाडी तयार होती. ब्रेक, वायरिंग, निळा रंग, सगळं. फक्त कार्बोरेटरचे सुटे भाग बिस्किटांच्या डब्यात पडून होते.

दौलत हात पुसायला फडकं शोधत पडवीच्या मागच्या कोपऱ्यात गेला. गोणपाट उचललं तर खाली बॅटरी. वरची धूळ पुसलेली, पाणी भरलेलं. त्यानं वायरचा एक तुकडा घेतला आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवून बघितला. चांगली निळी ठिणगी उडाली.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हातांच्या थरथरीसाठी 'कंपवात' हा शब्द सांगितला होता. हळूहळू वाढणार, असंही सांगितलं होतं. घरी तो 'थंडीनं होतं' म्हणाला. त्याच्या मुलीनं, सरोजनं, त्यावर काही विचारलं नाही. पण पुढच्या पगाराला तिनं दोन बिनबटणांचे टी-शर्ट आणले आणि 'सेल होता' म्हणाली. इथे पडवीत मात्र कोणाला कळलं नसणार अशी त्याची खात्री होती. आता कळलं, की या दोघांना तर नोव्हेंबरपासून माहीत होतं, आणि त्याच्यावर कार्बोरेटर बसवायची वेळ येऊ नये म्हणूनच हे सगळे वायदे होते.

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला पंढरी आठवला. पंढरी त्यांच्यातला चौथा. गुडघे गेल्यावर त्याला गाडीखाली शिरता येईना, तेव्हा यांनीच त्याच्यासाठी खुर्ची मांडली. चहा आधी त्याला. 'पंढरीशेठ, तुम्ही बसा.' पंढरी दोन महिने बसला आणि मग यायचा थांबला. पाहुणा म्हणून किती रविवार येणार माणूस?

दौलत बॅटरी घेऊन उठला. जड होती, पण हात कशात तरी गुंतला की कमी थरथरायचा. त्यानं ती आणून बॉनेटशेजारी ठेवली.

"मंगळवारी कशाला," तो म्हणाला, "आजच आली की."

धाकूनं दामाजीकडे बघितलं. दामाजीनं गाडीकडे.

"मी बोल्लेलू याला," दामाजी म्हणाला, "दुसऱ्याच्या घरी ठेव. हा बोलतो, गोणपाटाखाली कोन बगतंय."

"तू तर अमावास्या काढलेलीस!" धाकू उसळला. "निदान माझं खोटं लोकांना खरं वाटण्यासारखं तरी होतं."

"भांडण नंतर," दौलत म्हणाला. "डबा द्या. आज बसवतो."

दामाजीनं फळीवर पांढरं फडकं पसरलं, डब्यातले भाग त्यावर ओळीनं मांडले, आणि एका पायानं खुर्ची पुढे सरकवली. दौलतनं ती तितक्याच शांतपणे पायानं मागे सरकवली आणि नेहमीच्या पाटावर बसला.

पेट्रोल सोडणारा पितळी जेट बसला. तो जाड होता, आट्यात एकदा धरला की झालं. मग आला फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा छोटा डबा. त्याच्या दोन कानांतून सुईएवढी पिन ओवायची होती. दौलतनं पिन उचलली. ती एका कानात गेली, दुसऱ्यापाशी आली, आणि टिणकन फळीवर पडली.

"तुला सांगतो," धाकू मोठ्यांदा दामाजीला म्हणाला, "कोंबडी बसलेली मागच्या सीटवर. चौदा अंडी."

"चौदा? अकरा. माजी कोंबडी, मना शिकवतंस?"

तिघांचीही ही आवडती गोष्ट. फियाट पडवीत आणली त्याच आठवड्यात दामाजीच्या आईची, भागीरथीबाईंची, कोंबडी तिच्या मागच्या सीटवर अंड्यांवर बसली आणि म्हातारीनं फर्मान काढलं, पिल्लं निघाल्याशिवाय गाडीला पाना लावायचा नाही. एकवीस दिवस तीन बाप्ये कोंबडी उठायची वाट बघत बसले होते.

"आई बोलली, तुमच्या डुकराला काय घाई हाय, तीस वर्सं मेलंय," दामाजी सांगत होता. पण तो गाडीकडे तोंड करून सांगत होता. धाकूही तिकडेच बघत ऐकत होता. पिन दुसऱ्यांदा पडली.

"नऊ," दौलत मान वर न करता म्हणाला. "नऊ अंडी. सात पिल्लं. दोन वाया गेली."

"हा बग, स्टोअरकीपर!"

तिघंही हसले. तेवढ्या हसण्याच्या आडोशाला दौलतनं पिन तिसऱ्यांदा उचलली, श्वास रोखला, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. पिन कानापर्यंत गेली आणि त्याच्याभोवती नाचत राहिली, पितळेवर बारीक टकटक करत. पडवीत तेवढाच आवाज होता. कोंबडीची गोष्ट संपली होती.

"राहू दे रे आज," धाकू हळू आवाजात म्हणाला. "गाडी काय पळून जातेय?"

"मी डॉक्टरकडे गेलेलो," दौलत म्हणाला. "कंपवात आहे. हे वाढणार. जे आज होत नाही ते पुढच्या रविवारी मुळीच होणार नाही. दामाजी, तू बसव."

"मी नाय."

"अरे पण—"

"तुजा नियम हाय. तू खोल्लास. मी हात लावणार नाय. राहील अशीच. कोंबडीला बरी."

दामाजीचा आवाज चिडल्यासारखा होता, आणि डोळे लाल झाले होते. तो हटणार नाही हे दौलतला कळलं. नियम मोडून भाग दुसऱ्यानं बसवायचा म्हणजे दौलतला यातून वजा करायचं, असा दामाजीचा सरळ हिशेब होता.

दौलतनं फ्लोट तसाच आत ठेवला. पिन त्याच्यावर नुसती आडवी ठेवून दिली. वर झाकण ठेवलं, एक स्क्रू घेतला आणि तळव्यानं दाबून, बोटाच्या पेरानं, दोन आटे फिरवला. दोन आट्यांना बराच वेळ लागला. दोघं आता उघडपणे बघत होते.

"बसवला," दौलत म्हणाला.

"ह्याला बसवला बोलतात?" धाकू म्हणाला.

"मी खोललेला, मी बसवला. माझं काम झालं." त्यानं कार्बोरेटर दामाजीसमोर सरकवला. "पण मला वाटतं, कुठेतरी चुकलंय. तू जरा खोलून बघ."

दामाजीचा हात झाकणापाशी अडला.

"मी खोल्ला तर..."

"तर तुलाच बसवावा लागेल. नियम आहे."

"आयला!" धाकूनं कपाळावर हात मारला. "हा स्टोअरमध्ये काय करत होता इतकी वर्षं? कोर्टात पाहिजे होता."

दामाजीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला, खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि पुन्हा उचलला. दोन आट्यांचा तो स्क्रू त्यानं इतक्या सावकाश काढला, की जणू तो गंजून बसला होता.

"आता पिन," दौलत म्हणाला. "तशी नाही. टोकाला चपटी बाजू आहे ती तुझ्याकडे. हां. फडकं लावू नको, धागा अडकेल, फुंकर मार. मागची सुई वर-खाली होतेय का बघ. आवाज येतो का?"

"नाय येत."

"मला येतोय. बरोबर आहे. झाकण लाव."

अकराला कार्बोरेटर इंजिनवर चढला. धाकूनं बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. फियाट खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि एकदम धडधडायला लागली. भागीरथीबाई पदर खोचत दारात आल्या. "पेटला का रं डुक्कर?" त्यांनी विचारलं, पण उत्तर कोणाला ऐकू आलंच नसतं. दौलत डोळे मिटून बॉनेटवर वाकला होता. मग त्यानं एक बोट वर केलं. ते बोट थरथरत होतं, आणि तरी त्यानं काय सांगितलं ते दामाजीला नेमकं समजलं. त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा मागे घेतला. इंजिनची धडधड खाली आली, सलग झाली.

"आता हात लावू नको," दौलत म्हणाला. "थांब."

दामाजी थांबला.

भाकऱ्या झाल्याची हाक आली तेव्हा तिघं हात धुवायला अंगणात आले. धाकूनं हातांचं ग्रीस काढायला रॉकेलचा डबा आणला आणि दौलतपुढे धरला. दौलतनं ओंजळ पुढे केली. पहिली धार ओंजळीत टिकली नाही, थरथरीबरोबर बोटांतून खाली गेली. धाकूनं डबा तसाच कलता ठेवला आणि दौलतचे हात धुऊन होईपर्यंत बारीक धार ओतत राहिला.