माझे पोट सपाट करणारा माणूस

मी एक जुना रंधा आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तूंनी मुलांशी गोडगोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून ठेवू नका. मी सध्या एका काचेच्या कपाटात राहतो. डोक्यावर पिवळा दिवा आहे, अंगाला तेल चोळलेले आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मान तिरकी करून ‘किती सुंदर!’ म्हणतो. तसे कोणी म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. दाराची चौकट करून उरलेला शिसवीचा तुकडा त्याने घेतला, त्यात खाच पाडली, जुन्या कानशीचे पोलाद तापवून आणि ठोकून पाते बनवले, ते पाचरीने आत घट्ट बसवले, आणि मी झालो. इतर रंध्यांचा तळ सपाट असतो. लाकूड सरळ करणे हे त्यांचे काम. मला मात्र त्याने पोट दिले. खालून फुगीर, डावीकडे जरा जास्त. पात्याची धारही तशीच गोलाकार. दुकानातले बाकीचे रंधे माझ्याकडे बघून नाक मुरडत. मुरडू देत. ते फळ्या तासत होते. मी कशासाठी होतो ते ऐका.

सुताराची बायको जिन्यावरून पडली होती. खुब्याचे हाड वाकडे जुळले. तिला सपाट खुर्चीवर बसवेना, गादी घातली तरी बसवेना. जेवण उभ्याने, शिवण उभ्याने, नाहीतर अंथरुणावर आडवे. मग सुताराने ठरवले की तिच्यापुरती बैठक कोरायची. मला चालवून एक फळी खोलगट करायची, तिला बसवायचे, तिने कळवळून उठायचे, की त्याने माझे पोट किंचित तासून पुन्हा नवी फळी घ्यायची. अख्खा हिवाळा हेच चालले होते.

“खुर्ची करताय की शिक्षा?” ती ओरडायची.

“अगं, कुठे टोचतं ते तरी सांग.”

“सगळीकडे! तुमच्या बोलण्यासकट!”

वाया गेलेल्या फळ्यांची भिंतीशी चळत लागली. आणि एक दिवस ती बसली ती उठायचेच विसरली. मांडीवर मटारची टोपली होती. शेंगा सोलून संपल्या, ती गप्पा मारत राहिली. सुताराने नुसती माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर माझ्या पोटाला त्याने स्वतःही कधी हात लावला नाही, पाते तेवढे धार लावायला काढायचा. कोणी मला मागायला आले तर सरळ सांगायचा, “तो देत नाही. दुसरं काहीही न्या.” एवढा मान पुरे होता.

पुढे सुतार गेला. त्याला दोन मुले. धाकटी मुलगी त्याच्याच हाताखाली शिकली आणि दुसऱ्या गावी फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागली. घर आणि आई थोरल्याकडे. जाताना ती भावाला बजावून गेली होती, “दादा, हत्यारांच्या पेटीला हात लावू नकोस. मला जागा मिळाली की नेते.”

“तुझी पेटी कोण खातंय?” थोरला म्हणाला.

खाल्ली नाही. विकली. घरात नव्या फरशा बसल्या आणि थोरल्याला साफसफाईचा झटका आला. आई तापाने दवाखान्यात होती, म्हणजे अडवायला कोणी नव्हते. भंगारवाला आला. पेटी गेली. पेटीच्या मागोमाग आईची खुर्चीही गेली, कारण खुर्चीचा एक हात डुगडुगत होता. भंगारवाल्याच्या आवारात माझ्या डोळ्यांदेखत त्या खुर्चीचे सरपण झाले. ज्या बैठकीसाठी मी जन्मलो ती दोन घावांत फुटली. मित्रांनो, रंध्याला ओरडता येत नाही, हे थोरल्याचे नशीब.

मग मी जुन्या बाजारात पोचलो. ताडपत्रीवर, एका बाजूला गंजकी करवत, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराचा नळ. तिथे मला हा हौशी गृहस्थ भेटला. नोकरीतून मोकळा झालेला, आणि जुनी हत्यारे शोधून ती ‘पूर्ववत’ करण्याच्या नादाला लागलेला. मला बघताच तो गुडघ्यांवर बसला. माझा वास घेतला. टॉवेलात गुंडाळून घरी नेले. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा तो आवडला. त्याने पात्याचा गंज काढला, माझ्या खाचांतली वर्षांची घाण दात घासायच्या ब्रशने साफ केली. किती काळाने माझ्या अंगावरून कोणाचा तरी हात फिरत होता. मग त्याने मला उलटे केले.

“अरेरे,” तो हळहळला. “ओल लागून फुगलाय बिचारा.”

त्याची बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली. “एवढा गुळगुळीत फुगलाय? मुद्दाम केल्यासारखा दिसतोय.”

“मुद्दाम कोण करेल? रंध्याचा तळ सपाटच असतो. पहिला नियम आहे तो.”

नियम! त्या नियमाच्या नावाने मला शिकंज्यात आवळले गेले. एका लोखंडी रंध्याने, म्हणजे माझ्याच जातभाईने, माझे पोट उतरवले. मग काचेवर काचकागद चिकटवून, माझ्या तळावर पेन्सिलीच्या रेघा मारून, हा मला त्यावर घासत बसला. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की तळ सपाट झाला, अशी या लोकांची रीत आहे. रेघा पुसल्या गेल्या. एका हिवाळ्याचे कळवळणे आणि तासणे दोन दिवसांत भुसा होऊन केरात गेले. पात्याची गोलाईही त्याने सरळ केली. आणि घासताना हा शीळ वाजवत होता! ती शीळ मी विसरलेलो नाही.

पेटीसाठी धाकटी घरी आली तेव्हा पेटी नव्हती, खुर्ची नव्हती आणि आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. भावाशी तिचे कडाक्याचे भांडण झाले. मग ती भंगारवाला, जुना बाजार असे विचारत विचारत या दारात पोचली. हे सगळे मला तिच्याच तोंडून कळले.

“शिसवीचा, पोट असलेला रंधा तुम्ही नेलात म्हणे,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

“नेला ना! या ताई, या. ओळखणार नाही तुम्ही, इतका सुधारलाय.”

तिने मला हातात घेतले. आधी पात्याच्या पाठीवरचे कानशीचे पुसट दाते पाहिले, म्हणजे ओळख पटली. मग मला उलटे करून अंगठा फिरवला, आणि तो अंगठा मधेच थांबला.

“पोट कुठंय?”

“काढलं!” तो छाती फुगवून म्हणाला. “आता आरसा आहे आरसा.”

“कुणी सांगितलं होतं काढायला?”

“सांगायचं काय त्यात? वाकडा होता, सरळ केला.”

“वाकडी माझी आई आहे, काका. तिचं हाड वाकडं बसलंय. हा तिच्या मापाने वाकडा होता.”

हौशी माणसाची फुगवलेली छाती उतरली. मला बरे वाटले. फार बरे वाटले.

“म... मग पुन्हा माप घेता येईल की,” तो चाचरला.

“कसं घेऊ? फळीवर टेकवली की किंचाळते. बाबांना हिवाळाभर लागला होता आणि तेव्हा ती तरुण होती. आता नुसतं ‘मला पडू दे’ म्हणते. डॉक्टर म्हणतात, आत्ता बसती केली नाही तर पुन्हा कधी उठायची नाही.”

“तुम्ही हा घेऊन जा. तसाच घेऊन जा, ताई.”

“काय करू याचं? दाराला टेकण लावू?”

मी तिच्यावरही चिडलो. पण तिचे खरे होते. पोट गेलेच होते, आणि तळ उतरवल्यामुळे माझे तोंड, म्हणजे पाते डोकावते ती फट, इतके रुंद झाले होते की बारीक सालपट निघणे शक्य नव्हते. मी सुंदर झालो होतो आणि कुचकामी.

तेवढ्यात त्याची बायको बोलली. “अहो, ते फोटो दाखवा ना. आधीचे आणि नंतरचे. गावभर दाखवत फिरता ते.”

तो घुटमळला. का, ते फोन पुढे आल्यावर कळले. फोटो चांगले होते. समोरून, बाजूने, तळाशेजारी फूटपट्टी ठेवून, माझी गोलाई किती ‘बिघडली’ आहे ते मापासह दाखवणारे. आणि खाली याने मित्रांसाठी लिहिले होते, ‘बघा, कुणा अडाण्याने काय अवस्था करून ठेवली होती.’

धाकटीने ती ओळ वाचली. मला वाटले आता फोन भिंतीवर जाणार. जायला हवा होता. ती एवढेच म्हणाली, “हे छापून द्या. फोटोतली फूटपट्टी खऱ्या फूटपट्टीला जुळली पाहिजे. आणि पातं मी नेतेय.”

“पातं नेलंत तर रंधा अपुरा दिसेल हो...”

तिने टेबलावरचा हातोडा उचलला आणि माझ्या शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर, ठोका दिला. पाचर सैल झाली. पाते तिने रुमालात गुंडाळले आणि ती गेली.

तेव्हापासून मी कपाटात आहे, तोंड रिकामे. काही दिवसांनी त्याला धाकटीचा फोन आला. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, “त्यांची आई बसली म्हणे. दुपारभर बसली. उठवायला गेले तर रागावली.” आता तो बाजारातून एखादे हत्यार आणतो तेव्हा दुकानदाराला विचारतो, हे कोणाचे होते, काय करायचे. दुकानदार त्याला हसतो. हसू दे. मी त्याला माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

मित्रांनो, तुम्हालाही कधी तरी जुनी वस्तू सापडेल. पुसा तिला, गंज काढा, तेल द्या, माझी ना नाही. पण ती जिथे वेगळी दिसेल तिथे हात आवरा. ती कोणासाठी तशी आहे हे माहीत असलेला माणूस शोधा, आणि तो सापडेपर्यंत तिला हात न लावता नुसती जपा. एवढी काळजी जमत नसेल तर तिला ताडपत्रीवरच राहू द्या. गंज परवडला.

तिकडे आता त्या फोटोंवरून धाकटीने केलेला एक नवा रंधा आहे. माझ्या पोटाचा आणि माझे पाते तोंडात धरलेला. मला त्याचा हेवा वाटतो, रोज वाटतो. पण ती बसली आहे.