दोन धुराडी आणि अनंतबुवांचा ब्रश

"एक झालं! अहो, एक झालं!"

छायाचित्र मंडळाचे खजिनदार कॅमेरा डोळ्याला लावून असे काही ओरडले, की जिन्यात रांग लावून उभी असलेली माणसं एकमेकांना ढकलत आत घुसली. अनंतबुवांची खोली ती केवढीशी! एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची ओळ, आणि त्यात आम्ही वीस-पंचवीस जण. जो तो खजिनदारांच्या हातातून कॅमेरा ओढून घेत होता, खिडकीबाहेर रोखत होता आणि म्हणत होता, "खरंच की! मघाशी दोन होती, आता एकच!"

त्या गर्दीत सगळ्यात मोठ्याने "वा बुवा!" म्हणणारा माणूस मीच होतो. नंतर चव्हाट्यावर येण्यापेक्षा आधीच सांगून टाकलेलं बरं. कॅमेराही माझाच होता. आणि मी कोण? विवेक मंडळाचा चिटणीस. हवेतून राख काढणाऱ्यांच्या बाह्या झटकून दाखवणारा, पाण्याने दिवा पेटवणाऱ्यांचं पाणी हुंगून बघणारा. 'भोंदू ओळखण्याच्या पाच खुणा' ही पुस्तिका माझीच. तिची तिसरी आवृत्ती निघाली आहे. पहिल्या दोन आमच्या माळ्यावर आहेत.

झालं होतं ते असं. माझा कॅमेरा जुना, त्याचं स्वतःचं भिंग केव्हाच फुटलेलं. माझ्या आत्याच्या स्टुडिओतलं एक झकास भिंग मला मिळालं, पण ते दुसऱ्या कंपनीचं. मधे एक पितळी कडी बसवली की ते माझ्या कॅमेऱ्याला लागतं, म्हणून बाजारातून मी एक कडी उचलली. आता या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचंच नसतं. बाजूला एक छोटी खिडकी असते, फाइंडर म्हणतात तिला. तिच्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंग फिरवत त्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की नेम जुळला असं समजायचं. जवळच्या वस्तूंना नेम छान जुळायचा. लांबच्या वस्तूंना मात्र काही केल्या जुळेना. भिंगावर सर्वांत लांबची खूण म्हणून आडवा आठ कोरलेला असतो. तिथपर्यंत फिरवून, दात-ओठ खाऊनही गिरणीच्या धुराड्याच्या जागी मला दोन धुराडी दिसायची. फोटोही धूसर यायचे.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण ते धुराडं रविवारी सकाळी पाडणार होते.

आमचे सासरे आमच्याकडेच राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते गवंडी. तरुणपणी त्यांनी त्या धुराड्याच्या टोकाची पांढऱ्या विटांची पट्टी बांधली होती. त्यांचा मुकादम पुढे जन्मभर त्यांना चिडवत राहिला, की पट्टीतली तुझी एक वीट तिरकी आहे. अण्णा जन्मभर म्हणत आले, सरळ आहे. एवढ्यावरून दोघं एकमेकांच्या घरची पायरी चढले नाहीत. गेल्या वर्षी मुकादम वारले.

"तो गेला, आता धुराडंही चाललं," अण्णा मला म्हणाले. "दुर्बीण हातात थरथरते माझ्या. तुम्ही मोठा फोटो काढून द्या. टेबलावर ठेवून निवांत बघेन. एकदा सोक्षमोक्ष लागू दे."

अण्णांनी मला लग्नापासून एवढी एकच गोष्ट मागितली होती.

म्हणून बुधवारी मी अनंतबुवांकडे गेलो. तसे ते कॅमेरे दुरुस्त करणारे. पण आडव्या आठाला अनंत म्हणतात, आणि लांबचा नेम जुळवण्यात यांचा हातखंडा, म्हणून लोकांनी त्यांना बुवा करून टाकलं होतं. बुवांनीही फारसे आढेवेढे घेतले नसावेत.

"भिंग एका घरचं, कॅमेरा दुसऱ्या घरचा," माझा कॅमेरा दोन्ही हातांनी कपाळाला लावत ते म्हणाले. "सोयरीक परस्पर ठरवलीत. आता एका घरात दोन तोंडं दिसणारच! अनंत हा मोजून मिळत नाही, साहेब. अनंताला शरण जावं लागतं. मी फक्त दोघांच्या कंप्रता एका सुरात आणतो."

शरण वगैरे ऐकून माझे कान टवकारले होते. पण त्यांनी 'कंप्रता' म्हटलं, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली फ्रिक्वेन्सी, आणि मला वाटलं, अरे, हे तर विज्ञान! राख काढणारा जर कधी कंप्रता म्हणाला असता, तर विवेक मंडळ तेव्हाच बरखास्त झालं असतं.

मग बुवांनी कॅमेरा काळ्या कापडाखाली घेतला, भिंग उतरवलं, डोळे मिटले आणि तोंडाने एक लांब घूं-घूं सुरू केली. हातात फक्त धूळ झटकायचा एक ब्रश. दोन मिनिटांत कॅमेरा बाहेर आला. पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

"आता पथ्य ऐका," बुवा म्हणाले. "पहिले तीन रोल लख्ख उन्हात काढायचे. भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवायचं. कॅमेऱ्याची पाठ परक्यासमोर उघडायची नाही, तेज निघून जातं. आणि शंका घ्यायची नाही. शंकेने काच धुरकटते."

मी मान डोलावली. नुसती नाही, दोनदा.

गुरुवारी कचेरीतून येईपर्यंत ऊन कलून गेलं होतं, पण मला कुठला धीर! छिद्र पूर्ण उघडून गच्चीवरून धुराड्याचे दहा फोटो काढले, आणि काठी पुढे धरून खुर्चीत बसलेल्या अण्णांचेही दोन. शुक्रवारी फोटो हातात आले. धुराडं पहिल्यासारखंच धूसर. आणि अण्णांचं म्हणाल तर काठीची मूठ एवढी स्वच्छ, की तिच्यावरची चीर दिसावी, मागे चेहरा मात्र पुसल्यासारखा. आधी निदान जवळचे फोटो तरी नीट येत होते. आता तेही गेले.

बायको फोटो बघत होती. ती पंपांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात, आणि केसाएवढा फरक आढळला तरी माल परत.

"काय म्हणाले तुमचे बुवा?" तिने विचारलं.

"अगं, पथ्य पाळलं नाही ना मी. ऊन नव्हतं. आणि खरं सांगू? माझ्या मनात मधेच शंका आली होती. भाव कमी पडला असणार."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं मात्र, अण्णांनी चष्मा काढला. बायको उठली, आत गेली आणि माळ्यावरून माझीच पुस्तिका घेऊन आली. पहिली आवृत्ती.

"खूण पहिली," ती मोठ्याने वाचू लागली. "भोंदू मापाला नकार देतो. खूण दुसरी. तो झाकून काम करतो. खूण तिसरी. तो अटी अशा घालतो, की फसलं तर दोष तुमचा. अहो, पुढच्या दोन वाचू, की पाठ आहेत तुम्हाला?"

"पुरे," मी म्हणालो. कान इतके गरम झाले होते, की त्यांवर पापड भाजता आले असते.

"परवा धुराडं पडणार. माझा बाप तुमच्या फोटोकडे डोळे लावून बसलाय," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "उद्या मी येते तुमच्या बुवांकडे."

शनिवारी बुवांच्या खोलीत पुन्हा गर्दी. बायकोने नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "बुवा, फोटो कुठे उमटतो? त्या खिडकीत, की मागे फिल्मवर?"

"फिल्मवर," बुवा म्हणाले.

"मग बुधवारपासून सगळे खिडकीतच का बघताहेत? चला, फिल्मच्या जागेवरून बघू." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने कॅमेऱ्याची पाठ उघडली.

"तेज जाईल!" खजिनदार किंचाळले.

"गेलं तर भरून देईन." तिने फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, भिंग आडव्या आठावर नेलं, छिद्र पूर्ण उघडलं, शटरची झडप उघडी अडकवली आणि कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. बुवांचंच काळं कापड खजिनदारांच्या डोक्यावर टाकून तिने त्यांच्या हातात बारीक अक्षर वाचायचं एक भिंग दिलं. "बघा आणि दिसेल ते सांगा."

"धुराडं... उलटं दिसतंय!"

"उलटंच दिसणार. स्वच्छ आहे का?"

कापडाखाली खजिनदार हातातलं भिंग पुढेमागे करू लागले. "नाही हो. लोण्यासारखं वितळलंय. पण अलीकडे तो विजेचा खांब आहे ना, त्याच्यावर एक कावळा बसलाय. त्याची चोचसुद्धा दिसतेय!"

मग रांग लागली. बुधवारी ज्यांना एक धुराडं दिसलं होतं, त्या सगळ्यांना आज एक कावळा दिसला. मलाही दिसला. कावळा उलटा होता आणि माझ्याकडेच बघत होता.

बायकोने पितळी कडी काढली आणि पर्समधून मायक्रोमीटर. आमच्या घरातल्या पर्समध्ये हे असतं. "ही कडी बरोबर एक मिलिमीटर जाड हवी," ती म्हणाली. "ही भरली एक पॉइंट बारा. म्हणजे भिंग फिल्मपासून तेवढं जास्त दूर बसलं. मग ते आडव्या आठावर नेलं तरी त्याची नजर खांबाशीच थांबते, धुराड्यापर्यंत पोहोचतच नाही. खिडकीत दोन धुराडी दिसत होती ना? ती खिडकी बिचारी खरं सांगत होती, की बाबा रे, नेम अजून जुळलेला नाही."

"मग बुवांनी केलं काय?" कोणीतरी विचारलं.

तिने टेबलावरचा ब्रश उचलून उलटा केला. दांड्याच्या टोकाला पेचकसाचं बारीक पातं होतं. "भिंग उतरवलं की आत एक चाकी दिसते. ती भिंगाचं अंतर खिडकीला कळवते. कापडाखाली यांनी तिचा स्क्रू फिरवला. भिंग चुकलेलं ते चुकलेलंच राहिलं, साक्षीदाराला मात्र फोडलं. म्हणून आता जवळचेही फोटो बिघडले. आणि उन्हाचं पथ्य कशाला? छिद्र बारीक असलं की एवढीतेवढी चूक झाकून जाते."

आयुष्यभर मी भोंदूंच्या बाह्या तपासत आलो. ब्रश तपासायचं मला सुचलं नाही.

सगळे बुवांकडे बघू लागले. मला वाटलं, आता शाप देतील. पण ते खुर्चीत बसले आणि थकल्या आवाजात म्हणाले, "पूर्वी मी कड्या घासूनच द्यायचो, ताई. दोन दिवस लागायचे आणि लोक कुरकुर करायचे. एकदा घाईत नुसती चाकी फिरवली, तर गिऱ्हाईक पाया पडलं. फोटो कोणी मागाहून घेऊन आलं, तर 'तुमचा भाव कमी पडला' म्हणायचो. तेही पटायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना तर फारच लवकर पटलं."

खोलीत हशा पिकला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

बायकोने बुवांकडून तो ब्रश मागून घेतला आणि आम्ही तिच्या कारखान्यात गेलो. सपाट दगडी पाट्यावर पॉलिश पेपर अंथरून ती कडी घासायची, मापायची, पुन्हा घासायची. मला फक्त पेपर धरून ठेवायचं काम होतं, तेही मला दोनदा शिकवावं लागलं. माप बरोबर एकवर आल्यावर कडी बसवली. आधी ट्रेसिंग पेपरवर धुराडं स्वच्छ आलं का ते बघितलं, आणि त्यानंतर बुवांच्याच ब्रशने चाकी जागेवर आणली. आता पेपर आणि खिडकी दोन्ही एकच सांगत होती.

रविवारी पहाटे आम्ही चौघं गच्चीवर होतो. मी, बायको, अण्णा, आणि बोलावलं नसताना आलेले अनंतबुवा. उजाडताच मी एक रोल संपवला. मग भोंगा झाला, जमिनीतून एक दणका आला, आणि धुराडं गुडघ्यात वाकल्यासारखं होऊन खाली बसलं. अण्णांनी टोपी काढली. धूळ ओसरेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि बायकोने त्यांचा दंड धरून ठेवला होता.

मंगळवारी मोठा फोटो आला. अण्णांनी तो टेबलावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि भिंग घेऊन पांढऱ्या पट्टीवरून एकेक वीट बघत गेले. एका जागी त्यांचा हात थांबला.

"तिरकी आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, सावली असेल," मी घाईने म्हणालो. "किंवा कागदाला सुरकुती..."

"अहो, गप बसा!" अण्णा माझ्यावर डाफरले. "मुलीने एवढी कडी घासली ती खरं दिसावं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून? वीट तिरकी आहे. मुकादम खरा होता." त्यांचे डोळे भरून आले. "त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं. त्याची बायको आहे अजून." आणि फोटो काखोटीला मारून, काठी टेकत ते खरंच गेले.

मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. धूसर फोटोत ती वीट त्यांना जन्मभर सरळ दिसली असती, आणि तसं दाखवणारा बुवा मी स्वतः शोधून आणला होता.

माझ्या पुस्तिकेची चौथी आवृत्ती आता छापायला गेली आहे. तिच्यात सहावी खूण घातली आहे. भोंदू आपल्याला हवं तेच दाखवतो, आणि आपण वा म्हणतो. तेव्हा वाचकहो, एवढीच विनंती. कोणी चमत्कार दाखवला तर तो म्हणेल त्या खिडकीतून बघून माना डोलावू नका. मागची बाजू उघडा, कागद लावा, माप घ्या. बाह्या बघा, ब्रशही बघा. आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटू लागलं, तर घरातल्या कुणाला तरी आपली पुस्तिका आपल्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. आमच्याकडे पहिल्या आवृत्तीच्या पुष्कळ प्रती शिल्लक आहेत.