झुकत्या खुर्चीतले पाहुणे

शहात्तर साली सांगली-सातारा मार्गावर खुर्च्या मागं झुकणारी लक्झरी गाडी सुरू झाली. त्या खुर्चीत माणसानं वागावं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तासगावच्या हंबीररावांची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

साताऱ्याचे लालासाहेब आपल्या मुलासाठी त्यांच्या लेकीला, अंजनाला, बघायला आले. चहा झाला, द्राक्षबाग बघून झाली, पण होकार नाही की नकार नाही. "चला, आमचं घर तरी बघा," एवढंच म्हणाले. घर दाखवून नकार देणारेही असतात. हंबीरराव काळजीतच बायकोला, शालूबाईला, घेऊन त्यांच्याबरोबर त्याच लक्झरीनं साताऱ्याला निघाले.

मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना पाठ दाखवू नये, म्हणून त्यांनी मुद्दाम लालासाहेबांच्या मागची जागा धरली. इस्लामपूर सुटलं, लालासाहेबांनी हाताखालचा खटका दाबला आणि वरबाप फेट्यासकट हंबीररावांच्या पोटाशी आले.

"आवं, हे काय?"

"गप. झोपल्यात."

"तुमच्या मांडीवर?"

"रीत असंल तिकडची."

"मग आपुन काय करायचं असतंय?"

तेच तर कळत नव्हतं. लग्नाच्या इतक्या बैठका केल्या, पण असा प्रसंग कुठं आला नव्हता. गुडघा हलवावा तर पाहुणे जागे होणार, न हलवावा तर पायाला मुंग्या. त्यात फेटा सुटायला लागला, तो दोन्ही हातांनी धरावा लागला. वेळ आली तर आपला फेटा त्यांच्या पायाशी ठेवायची हंबीररावांची तयारी होती. त्यांचा आपल्या हातात येईल, हे ध्यानीमनी नव्हतं.

"तुमी बी दाबा की खटका."

"मागं म्हातारी बसलीय. तिच्या मांडीत जाऊ व्हय?"

कराडच्या पुढं लालासाहेबांनी डोळे उघडले. वर हंबीररावांची हनुवटी. ते ताडकन उठून बसले. खुर्ची मात्र तिथंच राहिली.

"पावणं, मी कवापासनं असा हाय?"

"इस्लामपूरपासनं."

"आन तुमी बोलला न्हाई?"

"म्हटलं, तुमच्याकडं चालत असंल."

लालासाहेबांनी फेटा घेतला, गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आसपासची माणसं खिडकीबाहेर बघायचं सोडून यांच्याकडं बघत होती.

"परक्याच्या मांडीवर डोकं ठिवून झोपलो. साताऱ्यात कळलं तर?"

"मी न्हाई कुनाला बोलायचा."

"तुमी न्हाई. पन ही गाडी बोलंल की!" ते मान वळवून गाडीतली तोंडं बघत राहिले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोयऱ्याच्या मांडीवर झोपलो तर कुनाच्या बापाचं काय जातंय? पोरगी पसंत हाय आमाला!"

मागच्या म्हातारीनं "बरं झालं बाई" म्हटलं.

शालूबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "आदीच पसंत हुती, का आत्ता झाली?"

"इचारू का?"

"खबरदार!"

हंबीररावांनी विचारलं नाही. साताऱ्यापर्यंत गुडघे चोळत बसले. आनंद झाला होता, पण नेमका कशाचा, ते काही उमगत नव्हतं.