एकाच मापाचा चमचा

"काढ ते कंस, नोएलिया. जेवणाची वेळ टळून गेली," अध्यक्ष इरियार्ते म्हणाले.

पडद्यावर चौकोनी कंसात एकच वाक्य होतं: बाळांच्या दूध-पावडरच्या प्रत्येक डब्यात एकाच मापाचा चमचा असावा. चार देशांच्या या व्यापारसंघात मतदान नसतं. चौघंही हो म्हणेपर्यंत शब्द कंसात राहतात, आणि हे वाक्य पाच वर्षं तिथेच अडकलं होतं. इतिवृत्त लिहिणारी नोएलिया ते दर बैठकीला निमूटपणे पुन्हा टंकायची.

गेल्या महिन्यापासून मात्र ते वाक्य तिचं झालं होतं. सीमेपलीकडून आणलेला स्वस्त डबा, त्यातला चमचा पावडरीत कुठेतरी रुतलेला. तिने जुन्या डब्यातला वापरला. तो मोठा होता. औषधाची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणारी ती, चार दिवस सहा महिन्यांच्या लेकीला, आब्रिलला, दाट दूध पाजत राहिली. मग तीन दिवस दवाखाना आणि सलाईन.

"डॉक्टर इरियार्ते, सिन्योर सिरिलो खोलीत नाहीत," ती म्हणाली.

पाराग्वायच्या खुर्चीवर नुसता कोट होता. म्हातारे सिरिलो राजधानीला फोन करायला गेले, त्याला तास झाला होता.

"फोन कसला! चालत गेले असतील आसुन्सिओनला," ब्राझीलच्या झुल्मिराबाई म्हणाल्या. उरुग्वेचा प्रतिनिधी थर्मास बगलेत धरून हसला.

"सकाळपासून त्यांनी हूं की चूं केलेलं नाही. इथे गप्प बसणं म्हणजे होकारच," इरियार्ते म्हणाले. "शुक्रवारी माझं अध्यक्षपद संपतं. मग नवा माणूस, नवी फाईल. आणि तुझीच पोर आजारी पडली होती ना? मग अडतंय कुठे?"

घाव बरोबर बसला. एक कळ दाबायची, की झालं. पण झोपलेल्या आब्रिलची छाती वरखाली होते ना, हे जशी ती बघत बसायची, तशी सकाळभर ती सिरिलोंकडे बघत होती. त्यांनी तीनदा काहीतरी लिहून खोडलं होतं, दोनदा तोंड उघडून मिटलं होतं. हा होकार नव्हता.

"गप्प बसणारा खोलीत तरी हवा, डॉक्टर."

"तिघं आहोत की!"

"मग 'तिघं सहमत' असं लिहू?"

"तसं लिहिता येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणूनच विचारलं."

"धरलं बघा पोरीने!" झुल्मिराबाईंनी टेबलावर थाप मारली.

"उद्या ते म्हणतील, मी नव्हतोच. मग एकही डबा बदलणार नाही," नोएलिया म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

सिरिलो खिडकीशी उभे होते. फोन खिशात.

"बोलणं कधीच झालं, पोरी. दीड वर्षाची मुदत मिळाली तर हो म्हणा म्हणाले. आमचे कारखाने लहान, चमच्यांचे साचे जुने." त्यांनी मान खाली घातली. "पाच वर्षं आम्हीच अडवलं. आता आणखी मुदत मागायला तोंड उघडेना."

"तुम्ही मागा. मी शब्दन् शब्द लिहून घेते."

आत येऊन त्यांनी उभ्यानेच मागितली.

"एवढंच?" झुल्मिराबाई म्हणाल्या. "अहो, सकाळीच बोलला असतात तर एव्हाना आपण मांसावर ताव मारत असतो! आमचा होकार."

उरुग्वेने मान डोलावली. इरियार्तेंनी चष्मा काढून डोळे चोळले. "आमच्या देशाचाही."

अठरा महिने. नोएलियाने मनातल्या मनात आकडा मांडला. तोवर आब्रिल दोन वर्षांची होईल, बाटली सुटलेली असेल. नोएलियाच्या हातात तो चमचा कधी येणार नव्हता.

तिने मुदतीची तारीख टंकली, पुन्हा तपासली. मग कंस काढले, खुर्चीत ताठ बसली आणि चौघांसाठी मसुदा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली.