विदोयेच्या विळ्याचा दांडा

आमच्या गावात एखादा माणूस "येतो" म्हणाला, तर ते कुणी धरून बसत नाही. येतो सगळेच म्हणतात. रस्त्याचं डांबरसुद्धा गेली बावीस वर्षं येतंच आहे. माणसानं माप दिलं, की मात्र तो आलाच असं समजायचं. माप म्हणजे टाचेपासून कमरेच्या हाडापर्यंतची उंची. गवत उभ्याने कापायच्या लांब विळ्याची खालची मूठ नेमकी त्या उंचीवर बसवावी लागते. दोन बोटं चुकली तर संध्याकाळी पाठ उरत नाही. म्हणून इथे दुसऱ्याच्या दांड्यानं कुणी गवत कापत नाही. माप देऊनही माणूस आला नाही, असं वडिलांच्या हयातीत एकदाच घडलं. तो वाटेत मेला होता, म्हणून गावानं सोडून दिलं.

माझा धाकटा भाऊ विदोये ऑस्ट्रियात लिंझला लिफ्ट दुरुस्त करतो. नऊ वर्षांत तो गवताला आलेला नाही. यंदा ईस्टरला त्याचा फोन आला.

"दादा, पेत्रोवदानला येतो. आपण दोघं मिळून वरचं कुरण कापू."

"माप दे."

"एकशे चार," तो म्हणाला.

मी ते कॅलेंडरवर लिहिलं, पेत्रोवदानच्या सणाच्या, म्हणजे बारा जुलैच्या चौकोनात. त्या महिन्यात लिहिण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी शिकवायचो ती शाळा चार वर्षांपूर्वी बंद झाली. शेवटची मुलगी आठवी पास होऊन गेली आणि वर्गात मी आणि युरोपचा नकाशा उरलो. पुढे नकाशाही तालुक्याच्या ऑफिसनं परत मागवला. मला कुणी मागवलं नाही.

जूनमध्ये माळ्यावरून जासेनच्या झाडाची वाळलेली काठी खाली काढली. चिवट, हलकं लाकूड. दांड्याला दुसरं चालत नाही. मग वडिलांचा दोन मुठींचा रंधा शोधला. तो दोन्ही हातांनी धरून अंगाकडे ओढायचा. मुठींच्या मध्ये तीन बोटं रुंद पातं असतं आणि त्यानं काठी गोल होत जाते. पहिल्याच ओढीला रंधा असा थरथरला की माझे दात वाजले. लाकडावर बारीक बारीक लाटा उठल्या.

आधी मी लाकडाला दोष दिला. लाकूड बोलत नाही, त्यामुळे हे सोपं जातं. काठी फिरवून दुसऱ्या बाजूनं ओढलं, तरी तेच. मग पात्याला धार लावली. आता ते जास्त धारदारपणे थरथरायला लागलं.

कुंपणापलीकडून स्तामेनका काकूंनी मान वर काढली. वरच्या आळीत आम्ही दोघंच. त्या ब्याऐंशी वर्षांच्या, मी चोपन्न, त्यामुळे तरुण रक्त म्हणजे मी.

"मास्तर, लाकूड तासताय की बकरी कापताय? माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायची बंद केली."

"पातं थरथरतंय, काकू."

"माझे हात पण थरथरतात. मला नाही कुणी स्क्रू काढून बघत."

मी स्क्रू काढून बघितलं. पात्याखाली गंजाचा थर होता, त्यावर पातं टेकतच नव्हतं, डगमगत होतं. शिवाय वडिलांनी चाळीस वर्षं धार लावून लावून ते इतकं झिजवलं होतं, की पुढची फट, जिला सुतार तोंड म्हणतात, दुप्पट मोठी झाली होती. गंज खरवडला, बैठक कानशीनं सपाट केली. कॉफीच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पात्याखाली सरकवली, त्यानं पातं पुढे आलं आणि फट पुन्हा बारीक झाली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी लांब सालपट निघालं आणि रंध्यानं फक्त एक सुस्कारा सोडला. मी ते सालपट हातात घेऊन दाखवायला कुणी आहे का म्हणून बघितलं. काकू होत्या.

"बघा!"

"बघितलं. खायचं आहे का?" मग त्यांची नजर दांड्यावरच्या मुठीच्या खुणेवर गेली. "हे कुणाचं माप?"

"विदोयेचं. एकशे चार."

"विदोयेचं? त्याची कंबर तर माझ्या दारातल्या कट्ट्याला लागायची. हे कुठल्या तरी ऑस्ट्रियनचं माप आहे."

गोठ्याच्या चौकटीवर वडिलांनी प्रत्येकाच्या मापाची खाच केली आहे. मी टेप लावला. विदोयेची खाच अठ्ठ्याण्णववर होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस सहा सेंटिमीटर वाढत नाही. भूगोलाच्या शिक्षकालाही एवढं कळतं. तेव्हा आठवलं, की फोनवर तो एका दमात बोलला होता. ना "थांब हं" म्हणाला, ना टेप कुठेय म्हणून बायकोला हाक मारली. त्यानं मोजलंच नव्हतं. तो येणार नव्हता.

काकू कोंबड्यांकडे वळल्या. त्यांना टोमणा सुचला नाही, याचीच मला भीती वाटली.

दांडा मी पुरा केला. मूठ एकशे चारलाच बसवली, माप दिलेलं होतं म्हणून. जवसाचं तेल तीनदा पाजलं. काचेसारखा झाला.

पेत्रोवदानच्या आधीच्या रविवारी जेवणानंतर त्याचा फोन आला.

"दादा, ते गवताचं..." तो म्हणाला. "इकडे कामाचं जरा..."

माप देऊन न येणं हे त्याला तोंडानं सांगावं लागणार होतं, आणि मला ऐकावं. मग पुढच्या वर्षी कोण कुणाला फोन करणार?

"अरे, मीच तुला फोन करणार होतो," मी म्हणालो. "दांडा झालाच नाही. वडिलांचा रंधा बिघडलाय. थरथरतो नुसता."

मग त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

"थरथरतो म्हणजे? ओढताना, की सुरुवातीलाच?"

"ओढताना."

"पातं बैठकीवर नीट टेकतंय का? खोलून बघ."

खोलायला लागेल तेवढा वेळ जावा म्हणून मी मनात वीसपर्यंत मोजलं. "खाली गंज आहे रे!"

"तरी म्हटलं! खरवड तो. आणि तोंड बघ, मोठं झालं असणार. म्हातारा रोज धार लावायचा. पत्र्याची पट्टी घाल खाली. कॉफीच्या डब्याची चालेल."

आमचे फोन चार मिनिटांचे असतात. दोन लिंझच्या हवेला, दोन इथल्या. आज अर्धा तास होत आला होता. वडिलांनी त्याला याच रंध्यावरून कशी थप्पड मारली होती तेही त्यानं सांगितलं, आणि हसला.

"घातली पट्टी," मी म्हणालो.

"आता ओढ. फोन जवळ ठेव, मला ऐकू दे."

मी फोन घेऊन मागच्या शेडमध्ये गेलो, पण तिथे तासायला दुसरं लाकूड नव्हतं. मी तयार दांडा खुंटीवरून काढून बाकाच्या पकडीत आवळला. रंध्याचा स्क्रू मुद्दाम एक फेरा सैल केला आणि ओढला. चकचकीत तेलावर वीतभर लाटा उठल्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं. फारच वाईट आहे रे," विदोये काळजीनं म्हणाला. "काठी उलट धरली असशील. फिरवून दुसऱ्या टोकाकडून ओढून बघ. मी आहे फोनवर."

मी दांडा फिरवून आवळला. त्या टोकाला अजून एकही ओरखडा नव्हता.